मैदानावरून लंगडत आलेला नातू

हिवाळा लागला की कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट उन्हाच्या झळांपर्यंत चालतो. एके काळी कुस्तीसाठी ख्यात असलेल्या तालमींचीच नावे आज फुटबॉल संघांना आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावे उच्चारली की पेठेतल्या कोणाही माणसाचा चेहरा उजळतो, किंवा तो विरुद्ध पेठेतला असेल तर आक्रसतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारतीय संघात याच शहरातला अनिकेत जाधव होता. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘मोठेपणी काय होणार?’ असे विचारले, की उत्तर ऐकण्याआधीच मला ते ठाऊक असते.

ज्येष्ठांसाठी असलेल्या या सदरात फुटबॉलचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. कारण साधे आहे. सायंकाळी मूल मैदानावरून लंगडत घरी येते, तेव्हा आईवडील बहुधा कामावरून परतलेले नसतात. दार उघडतात ते आजी किंवा आजोबा. तेलाची बाटली काढायची की बर्फ, लगेच दवाखाना गाठायचा की सकाळपर्यंत थांबायचे, हा निर्णय आपल्याला घ्यावा लागतो, आणि पुढचे पुष्कळसे त्या निर्णयावर ठरते.

फुटबॉलमधील बहुतेक दुखापती कमरेखालच्या असतात. घोटा, गुडघा, मांडीचा मागचा स्नायू, जांघ आणि नडगी हा त्यांचा मुलूख. त्यात सर्वांत नेहमीची दुखापत घोटा मुरगळण्याची. धावताना पाऊल आत वळते, शरीराचा भार बाहेरच्या कडेवर पडतो आणि घोट्याच्या बाहेरील बाजूला हाडे जोडून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा अंशतः फाटतात. आतल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, सूज येते, दुसऱ्या दिवशी निळसर-काळा डाग दिसतो.

येथे आपल्याकडील एका फार जुन्या आणि प्रेमळ सवयीबद्दल बोलणे भाग आहे. पाय मुरगळला की कोमट तेल घेऊन तो चांगला रगडायचा, किंवा ‘शीर बसवून’ देणाऱ्याकडे न्यायचे, ही ती सवय. तालमीत वाढलेल्या आजोबांच्या हातात मालिशीची कला असते, तिच्याबद्दल मला आदर आहे. दिवसभराच्या श्रमाने आंबलेल्या निरोगी स्नायूला ती सुखावतेही. परंतु ताज्या दुखापतीत आत रक्त वाहत असते. त्यावर चोळणे आणि शेकणे म्हणजे तो रक्तस्राव वाढवणे होय. पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, गरम पाण्याचा शेक नको, गरम लेपही नको. आंबेहळदीवर आपली श्रद्धा असेल तर तो लेप थंड असू द्यावा, आणि त्याच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाण्याचे टाळू नये.

मांडीला गुडघा लागून मुका मार बसतो, तेव्हा तर हे पथ्य अधिकच कडक पाळावे. मांडीच्या पुढच्या जाड स्नायूत साकळलेल्या रक्तावर जोरजोरात मालीश केली, किंवा तो पाय ओढून-ताणून सरळ केला, तर काही आठवड्यांनी त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते. वैद्यकात याला ‘मायोसायटिस ऑसिफिकन्स’ म्हणतात. क्ष-किरण छायाचित्रात, जेथे मांसच असायला हवे तेथे, ढगासारखे पांढरे हाड दिसते, आणि गुडघा पुरता वाकेनासा होतो. कोपराच्या दुखापतीनंतर केलेल्या मालिशीनेही असेच होते. रगडणाऱ्या माणसाचा हेतू चांगलाच असतो, म्हणून त्याला नाही म्हणणे अवघड जाते. तरी म्हणावे.

मग करावे काय? मुलाला बसवावे, बूट-मोजे काढावेत, पाय उशीवर हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. बर्फ पातळ ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. त्वचेवर थेट लावू नये. दोन-तीन तासांच्या अंतराने, पहिले दोन दिवस हे करता येते. बर्फ नसेल तर शीतकपाटातील गोठलेल्या मटारची पिशवी उत्तम काम देते, घोट्याच्या आकाराप्रमाणे ती वळतेही. क्रेप बँडेज बोटांकडून वर, माफक ताणाने बांधावे. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करावे.

हाड मोडले आहे की नाही, हे घरी निश्चित सांगता येत नाही. पण क्ष-किरण तपासणी कोणाची करावी हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले काही साधे नियम आजही जगभर वापरले जातात. त्यांचा गाभा आपल्यालाही उपयोगी आहे. दुखऱ्या पायावर भार देऊन मूल चार पावले टाकू शकते का? लंगडत टाकली तरी चालेल. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर येतात, त्यांच्या मागच्या कडेवर बोटाने हलकेच दाबल्यास नेमके हाडावरच दुखते का? पावलाच्या बाहेरील कडेवर, साधारण मध्यावर लागणाऱ्या हाडाच्या टोकावर, किंवा पावलाच्या आतील बाजूस कमानीच्या वर दाबून दुखते का? चार पावले टाकता येत नसतील किंवा हाडावर दुखत असेल, तर त्याच दिवशी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

वाढत्या वयाच्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या हाडांच्या टोकांपाशी वाढीची कूर्चा असते, आणि ती आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. प्रौढाचा ज्या झटक्यात अस्थिबंध ताणला जातो, त्याच झटक्यात मुलाची ही कूर्चा दुखावू शकते. ‘नुसताच मुरगळलाय’ असे म्हणून आठवडा काढला आणि ती वेडीवाकडी जुळली, तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून मुलाचा घोटा किंवा मनगट हाडावर दुखत असेल तर ‘बघू चार दिवस’ असे म्हणू नये.

आता औषधांच्या डब्याकडे वळतो. आपल्या उशाशी असणारा तो डबा मला नेहमीच धास्तावतो. आजोबांच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून नातवाला देणे, हे घरोघरी चालते. कृपया असे करू नये. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन रक्त पातळ करते, आणि सोळा वर्षांखालील मुलांत विषाणूजन्य ताप असताना ती यकृत व मेंदूला गंभीर इजा करू शकते. निमेसुलाइड या वेदनाशामकावर बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, पण जुन्या पट्ट्या घरांत निघतात. मुलाच्या वजनानुसार पॅरासिटामॉल तेवढे सुरक्षित. तेही ‘दुखणे दाबून सामना खेळण्यासाठी’ कदापि नाही. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे, त्याला झोपवून मैदानात उतरणे धोक्याचे.

गुडघ्याची दुखापत घोट्यापेक्षा कमी वेळा होते, पण भोगायला लावते अधिक. पाऊल जमिनीत रुतलेले असते, अंग वळते, आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. पुष्कळदा जवळपास दुसरा खेळाडू नसतोच. उडी मारून खाली येताना किंवा धावता धावता दिशा बदलताना हे घडते. यात गुडघ्याच्या आतील एसीएल नावाचा अस्थिबंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी. आपण घरी एक गोष्ट अचूक टिपू शकता, ती म्हणजे सूज कधी आली. दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचले आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज निराळी. ही एवढी माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांना फार मोलाची असते. गुडघा मध्येच अडकतो किंवा चालताना लचकून ‘निसटतो’ असे मूल सांगत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवण्यात हयगय नको. मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात आढळते. म्हणून नात खेळत असेल तर तिला खेळू द्यावे आणि पुढे सांगितलेला व्यायाम तिच्याकडून अधिक नेमाने करून घ्यावा. या कारणासाठी तिचा खेळ बंद करणाऱ्या घरांशी मी नेहमी भांडतो.

दहा ते पंधरा वयातील काही मुले कोठे पडलेली नसतात, तरी दुखणे सांगतात. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखत असेल, किंवा आठ ते चौदा वर्षांच्या मुलाची टाच खेळल्यावर ठणकत असेल, तर बहुधा हाड झपाट्याने वाढत असताना स्नायूंची ओढ त्याच्या टोकावर पडत असते. खेळ कमी केला, पोटरी व मांडीचे ताण देणारे व्यायाम केले, की हे कालांतराने थांबते. मात्र प्रत्येक दुखणे फुटबॉलच्या खात्यावर टाकू नये. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वजन घटणे, किंवा गुडघा दुखतो असे म्हणत मूल लंगडते पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, अशा वेळी तपासणी हवीच. या शेवटच्या प्रकारात दोष पुष्कळदा खुब्याच्या सांध्यात असतो आणि दुखणे मात्र गुडघ्यात जाणवते.

डोक्याला लागलेला मार हा सर्वांत गंभीर विषय. दोन खेळाडूंची डोकी एकमेकांवर आपटतात, किंवा डोके गोलखांबावर आदळते. शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झाले नाही, हा समज चुकीचा आहे. मेंदूला धक्का बसलेला मुलगा चालत घरी येतो, पण गोंधळलेला असतो. सामना कोणाशी होता हे आठवत नाही, तेच तेच विचारतो, प्रकाश नकोसा होतो, चिडचिड करतो. अशा मुलाने त्या दिवशी पुन्हा मैदानात पाऊल ठेवू नये, मग अंतिम सामना का असेना. सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर परिणाम फार वाईट होऊ शकतात. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायात कमजोरी, नाका-कानांतून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एक लक्षण जरी दिसले तरी थेट रुग्णालय गाठावे. मानेत दुखत असेल तर मुलाला हलवू नये, रुग्णवाहिका बोलवावी. हे काहीही नसले तरी पहिला दिवस मुलाला एकटे सोडू नये. पुढे आधी शाळा, मग हलके धावणे, आणि सगळ्यात शेवटी सामना. मुलांत यास दोन-तीन आठवडेही लागतात. लहान मुलांनी डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करावा का, हा प्रश्नही आता जगभर विचारला जातो. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना तो सराव देऊ नये असे मार्गदर्शन आहे. आपल्या मुलांच्या प्रशिक्षकांनाही हे जरूर सांगावे.

आणखी एक बाब अशी की ती केवळ आपल्यालाच ठाऊक असते. खेळता खेळता, धावण्याच्या भरात, मूल चक्कर येऊन कोसळले, तर ते ‘अशक्तपणाने’ झाले असे मानू नये. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला होता. त्याचे हृदय थांबले होते. छातीवर दाब देणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र तत्काळ मिळाल्यामुळे तो वाचला, आणि छातीत उपकरण बसवून पुढच्या वर्षी खेळूही लागला. अशा काही हृदयविकारांचा वारसा कुटुंबात असतो. आपल्या घराण्यात कोणी विशी-तिशीत अचानक, झोपेत किंवा श्रम करताना गेले होते का? आजच्या आईवडिलांना हे माहीत नसते, आपल्याला असते. माझ्याकडे एका खेळाडू मुलाबरोबर आलेल्या आजींनी सहज बोलता बोलता सांगितले, की त्यांचे दोघे दीर तरण्याताठ्या वयात शेतात काम करताना गेले होते. मुलाच्या वडिलांनी हे प्रथमच ऐकले. मुलाचा इसीजी व हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, सुदैवाने दोन्ही निर्दोष निघाली. पण हे सांगायलाच हवे होते.

प्रतिबंधाविषयी बोलायचे तर सर्वांत भक्कम पुरावा साध्या सरावपूर्व व्यायामाचा आहे. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने २००६ मध्ये ‘इलेव्हन प्लस’ नावाचा कार्यक्रम तयार केला. सुमारे वीस मिनिटांचा, पंधरा व्यायामांचा. आधी हलके धावणे, मग बळ, तोल व उडीचे व्यायाम, शेवटी पुन्हा धावणे. आठवड्यातून निदान दोनदा नेमाने केल्यास दुखापती तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो धीर, आणि मैदानावर पोहोचताच चेंडूला लाथ मारायला आसुसलेल्या मुलांत तोच नसतो. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी त्यात एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, मागून कोणी घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचे. या एका व्यायामाने त्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात. घोटे धरण्याचे काम मात्र भावंडाला द्यावे, आजोबांच्या कमरेचा तो विषय नव्हे.

आजोबांसाठी दुसरे काम आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण अस्थिबंधाबरोबर पायाची ‘स्थिती ओळखण्याची’ जाणही बोथट होते. तिच्यावर उपाय म्हणजे एका पायावर उभे राहणे. दात घासताना अर्धा मिनिट उजवा, अर्धा मिनिट डावा. नातवाबरोबर आपणही, भिंतीचा किंवा ओट्याचा आधार धरून, हे करावे. पडण्यापासून बचाव करणारा हाच व्यायाम मी माझ्या सत्तरीतल्या रुग्णांना एरवीही सांगतो.

बुटांबाबत आपली काटकसर आड येते. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन अंक मोठा बूट घेतला की पाय आत सरकतो आणि घोटा डगमगतो. बूट मापाचाच हवा, आणि कडक कोरड्या मैदानावर लांब टोकदार खिळ्यांचा नको. नडगीवरील संरक्षक पट्टी खेळाच्या नियमांनुसार सक्तीची आहे, ती सरावातही बांधावी. त्याच नियमात दागिन्यांना बंदी आहे. भिकबाळी, चांदीचे कडे, गळ्यातली साखळी खेळापुरती आजीकडे ठेवून जावी. सुटे, जमिनीत न रोवलेले गोलखांब असतील तर त्यांना लोंबकळू देऊ नये. ते अंगावर पडून मुले दगावलेली आहेत. एप्रिल-मेमध्ये भर दुपारचा सराव टाळावा, तहान लागण्याआधी पाणी प्यायला शिकवावे. उन्हात खेळताना मूल असंबद्ध बोलू लागले तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात न्यावे.

आपल्यापैकी काहींचे पाय अजून चेंडू पाहून शिवशिवतात, हे मी जाणतो. इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे २०११ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी ‘चालत खेळायचा’ फुटबॉल सुरू झाला. त्यात धावणे निषिद्ध. हृदयाची तपासणी करून, चार समवयस्कांबरोबर असा खेळ खेळायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती अंगणात नातवासाठी गोलरक्षक होण्याला. हात टेकून पडले की ठिसूळ मनगट मोडते. आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्या कोणाच्याही डोक्याला मार लागला, तर काही वाटत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा उशिरा लक्षात येतो.

शेवटचा मुद्दा परत खेळायला केव्हा जाऊ द्यायचे हा. दुखणे थांबले की मूल बरे झाले, असे आपण समजतो. साधा मुरगळलेला घोटा दोन-तीन आठवडे मागतो. त्या एका पायावर दुसऱ्याइतक्याच सहज उड्या मारता येतात का, वळून धावता येते का, ते पाहावे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर तर किमान नऊ महिने. त्याआधी खेळणाऱ्यांत तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण बरेच वाढते. सहाव्या महिन्यात गुडघा छान वाटतो, मंडळाचे कार्यकर्ते घरी येतात, ‘आजोबा, एकच सामना, शेवटची वीस मिनिटे’ असे आर्जवाने सांगतात. त्यांना चहा द्यावा, आणि मुलाच्या फिजिओथेरपिस्टने दिलेली तारीख दाखवावी. ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून दिनदर्शिकेवर आधीच लावून ठेवली असेल, तर बोलण्याची गरज फारशी उरत नाही.